काय पटलं नाही

दर पंधरवड्याला पेपरच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन येतो, मॅडम, एवढ्यात काय वाचलं? मग मी रविवारच्या पुरवणीसाठी दोन-तीन पुस्तकांवर माझं मत लिहून पाठवते. लोक म्हणतात, बाई परखड लिहितात, कोणाची भीड धरत नाहीत. एका लेखकानं तर चिडून मला चार पानांचं पत्र पाठवलं होतं, ते मी जपून ठेवलंय. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण परखड हा शब्द माझ्या नावाला कोणी चिकटवला की मी विषय बदलते. मत द्यायला मी कुठं शिकले आणि दिलेलं मत गिळायला कुठं शिकले, ते मलाच माहीत. दोन्ही आमच्या गावच्या विहारात शिकले, आणि दोन्हींच्या मध्ये पुरतं वर्षही गेलं नाही.

ते गाव आता नाही. भंडाऱ्याजवळच्या कारध्याहून वैनगंगेच्या काठाकाठानं पाच-सहा किलोमीटर गेलं की आमची वस्ती लागायची. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागं मागं चढत आलं आणि आम्हाला सगळ्यांना उचलून पुनर्वसनात नेऊन ठेवलं. तिथं घरं सरळ रांगेत आहेत, पण एका घराचा आवाज दुसऱ्या घरात जात नाही, अशी आईची कायमची तक्रार होती. जुन्या घरात लपून काही राहायचंच नाही. एकच लांब पडवी, एका टोकाला आमची चूल, दुसऱ्या टोकाला काकीची, आणि मधल्या जागेत दिवसभर बिड्यांचा कारभार. सकाळी ओल्या फडक्यातून तेंदूची पानं निघायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं सुरू. कात्र्यांचा तो कचकच आवाज बंद झाला की समजायचं, जेवायची वेळ झाली. जेवायला भात आणि लाखोळीचं वरण, नशीब असलं तर सुक्या झिंग्याची चटणी, आणि सगळ्याला तंबाखूचा वास. माझ्या दप्तरालाही तोच वास यायचा. भंडाऱ्याच्या शाळेत शेजारची मुलगी नाकाला ओढणी लावून बसायची आणि वर मलाच विचारायची, का गं, तुमच्या घरी सगळेच बिड्या पितात काय? मी तिच्याशी भांडले होते, चांगल्या झिंज्या धरून.

बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांपर्यंत कोंड्यानं पांढरे, आणि बोलायचे अगदी मोजकं. बोलण्याचं खातं घरात यशवंतकाकांकडं होतं. काका बाबांचे धाकटे भाऊ, भंडाऱ्याच्या एका शाळेत चपराशी, पण आवाज असा की माइक नसला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान हलवायची. जयंती असो, लग्न असो, कोणाच्या मृत्यूनंतरचं जलदान असो, काकांचं भाषण ठरलेलं. शहापूर, कारधा, पार तुमसरपर्यंत बोलावणी यायची. काका वाईट माणूस नव्हते, हे मी इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस ठरवाल आणि मोकळे व्हाल. माझी फी त्यांनी भरली होती. मला पहिला शब्दकोश त्यांनी आणून दिला. काकीवर त्यांनी कधी हात उगारला नाही.

त्यांच्या भाषणात एक जागा होती. मी पाच-सहा वर्षांची असताना काकीची सुजाता गेली. चार वर्षांची पोर, ताप डोक्यात चढला, झटके आले आणि गेली. मला ती नीट आठवतही नाही, फक्त चिंच खाताना एक डोळा मिटायची तेवढं आठवतं. त्यानंतर काकीला मूल झालं नाही. तर काका भाषणात सांगायचे, कशी त्यांनी तापानं फणफणलेली लेक खांद्यावर टाकली, कसे ते उन्हात अनवाणी भंडाऱ्याकडं पळत सुटले, आणि कारध्याच्या पुलाच्या अलीकडं लेकीचा हात त्यांच्या गळ्यातून कसा सुटला. आपल्या गावाले दवाखाना असता, तं माही पोर आज तुमच्यात बसली असती, असं म्हणून ते थांबायचे. बाया पदर डोळ्याला लावायच्या. मीही रडायची, दर वेळी, पाठ असूनही. काकी मात्र त्या जागेच्या थोडं आधी उठून चहाचं पाहायला जायची. मला वाटायचं, बिचारीला ऐकवत नसेल.

विहारात गुरुजींनी पुस्तकांचं कपाट ठेवलं होतं. गुरुजी निवृत्त शिक्षक, अंगानं काटकुळे, शिस्तीचे फार. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा नवा नकाशा मिळेना म्हणून त्यांनी विहाराच्या भिंतीवरच्या जुन्याच नकाशावर निळ्या पेनानं रेघ ओढून अर्धा जिल्हा कापला होता, एवढी शिस्त. कपाटाचा त्यांचा एक नियम होता. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा, खाली नाव आणि सही. काय वाचलं, काय पटलं, काय पटलं नाही. तिसऱ्या प्रश्नापुढं रिकामं सोडलं तर दुसरं पुस्तक मिळायचं नाही. सगळंच पटलं म्हणणारा एकतर वाचत नाही किंवा भितो, असं गुरुजी म्हणत. दर रविवारी सकाळी वंदना झाली की त्या आठवड्याचे अभिप्राय सगळ्यांपुढं वाचले जायचे, आणि ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. वाचणार कोण, तर काका. तो आवाज असताना दुसऱ्या कोणाला कोण ऐकणार?

मी त्या वेळी नववीत. शाळेतून आले की बिड्यांपाशी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचं, हे काम माझ्याकडं आपोआप आलं होतं. पडवीत आई, काकी, शेजारची अंजनाआजी आणि आणखी दोघीतिघी असायच्या. हात कामात, कान रिकामे, मग वाच बाई काही तरी. एकदा एक जाडजूड कादंबरी संपवली, तेव्हा अंजनाआजी सूप झटकत म्हणाली, या पुस्तकात कोणी जेवतच नाही, एवढी पानं झाली, एकदाही चूल पेटली नाही, मंग हे लोक इतके रडतात कायच्या जोरावर? मी हसत हसत ते जसंच्या तसं शेवटच्या पानावर उतरवलं आणि खाली आजीचा अंगठा घेतला. रविवारी काकांनी वाचलं आणि विहार हसून हसून लोटपोट. गुरुजींनी डोळे पुसले. म्हणाले, एवढी नेमकी समीक्षा मी कुठंच वाचली नाही.

तेव्हापासून आमच्या पडवीचा अभिप्राय ही रविवारची खास चीज झाली. लोक विचारायचे, या हप्त्यात बाया काय म्हणतात? आई म्हणाली, नायकाला दोन दिवस धान कापायला पाठवा, त्याचं दुःख कमी होईल. मी लिहून घ्यायची. हळूहळू मला चव लागली. एखादीनं दोनच वाक्यं सांगितली तर मी आणखी काय, आणखी काय, करत मागं लागायची. वही जवळ ठेवायची, आणि बाया पुस्तकाचं सोडून आपापसात बोलायला लागल्या की माझे कान जास्तच टवकारायचे. बोलायच्या त्या, टाळ्या मला मिळायच्या. मला त्या फार आवडायच्या, लाजायचं काय त्यात.

सगळ्यांत कमी बोलायची ती काकी. रत्नाकाकी. हातांची सगळ्यांत जलद, पंचवीस बिड्यांचा कट्टा तिचा आधी बांधून व्हायचा, आणि ठेकेदाराच्या माणसानं तिची एकही बिडी कधी खराब म्हणून बाजूला काढली नाही. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती सही शिकली होती, तेवढीच. पुस्तक संपलं की म्हणायची, बरं आहे. मी तिसऱ्या प्रश्नापुढं काय लिहू विचारलं तर म्हणायची, लिही, अक्षर बारीक आहे. वाचायचं मला होतं, तिला अक्षराचं काय? पण ती तेवढ्यावर सुटायची.

धान खळ्यावर आलं होतं, थंडी पडली होती, आणि आम्ही उन्हात बसून एक पुस्तक वाचत होतो. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही, लिहिणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. त्यात एक गरीब बाप आजारी मुलाला पाठीवर घेऊन पळत सुटतो, नदी ओलांडतो आणि पलीकडं पोचेपर्यंत मूल संपतं, असं एक प्रकरण होतं. लेखकानं ते फार जीव ओतून लिहिलं होतं. आईच्या कात्रीचा आवाज थांबला. अंजनाआजी नाक शिंकरायला लागली. एक काकीचे हात तेवढे चालू होते, पान, तंबाखू, वळण, धागा. मी वाचून थांबले आणि अगदी सवयीनं, बाकी काही मनात नसताना, म्हटलं, काकी, तू सांग, पटलं का?

"नाही," काकी म्हणाली. "बाप असा पयत नाही. सुजाच्या वक्ती घरात एकच सायकल होती. हा म्हणे, सभा आहे, येतो तोवर उतरंन ताप. सायकल घेऊन शहापूरले गेला. दवाखाना त्याच रस्त्यानं होता. पोर मी नेली, पायी, आन् तुही माय होती संगं."

तिचा आवाज चढला नाही की पडला नाही. कट्ट्याला धागा बांधला आणि बाजूला ठेवला. मी आईकडं पाहिलं. आई खाली पाहत पान कापत होती, आणि ते पान तिनं फर्म्याच्या आत कापून वाया घालवलं. अंजनाआजीनं पाणी मागितलं, मी आणून दिलं, आणि मग पुढचं प्रकरण वाच म्हणून सगळ्याच घाई करायला लागल्या.

ते मी लिहिलं. का लिहिलं, याचा विचार मी इतकी वर्षं केलाय की आता खरं कारण कोणतं आणि मागाहून चिकटवलेलं कोणतं, ते मलाच सांगता येत नाही. काकांचा राग आला होता का? आला असेल. पण खरं सांगायचं तर त्या वयात मला वाटलं, असा अभिप्राय आजवर कोणी दिला नाही. काय पटलं नाही, या प्रश्नापुढं याच्यापेक्षा चोख उत्तर असूच शकत नाही, असं मला वाटलं. घर, काका, काकी, रविवारी वाचणार कोण, हे काही डोक्यात आलंच नाही. मूर्खपणा म्हणा. मी काकीचे शब्द एकही न बदलता उतरवले आणि पुस्तक सहीसाठी तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, काय लिहिलं? मी म्हटलं, तू बोलली तेच. तिनं हात पदराला पुसले, माझा पेन घेतला, आणि एकेक अक्षर पानात रुतवत सही केली. बराच वेळ लागला तिला.

रविवारी विहार भरलेला होता. खालच्या चटयांवर डावीकडं बाया, उजवीकडं गडी. काकांनी पांढरा सदरा घातला होता. दोन-तीन अभिप्राय झाले, मग त्यांनी ते पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं आणि खालचं नाव आधी पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला, अगदी मनापासून. म्हणाले, आज आमच्या घरचा अभिप्राय आहे, रत्नाबाईंचा, आजपर्यंत अक्षर बारीक आहे याच्या पुढं गेल्या नाहीत. सगळे हसले. आणि त्या भरदार आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. बाप असा पयत नाही, हे वाक्य त्यांनी थांबून, वजन देऊन वाचलं, भाषणात वाचावं तसं. पुढच्या वाक्यात सुजाचं नाव आलं. तरीही आवाज पुढं गेला, सवयीचा होता ना, सायकलपर्यंत गेला, आणि शहापूर या शब्दावर थांबला.

मागून कोणीतरी म्हटलं, पुढं? गुरुजी उठले, काकांच्या हातातून पुस्तक हलकेच काढून घेतलं, उरलेलं मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं. एवढी माणसं बसलेली आणि बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर बैल हाकल्याचा आवाज ऐकू येत होता. गुरुजींनी चष्मा काढला. अक्षर कोणाचं ते त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी मला उभं केलं आणि फार मायेनं विचारलं, निरू बेटा, काकी असं म्हणाल्या, की हे तू आपल्या मनानं रचलं?

आज मला कळतं की त्या प्रश्नातच त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आणि सगळा विहार त्या दाराकडं डोळे लावून बसला होता. काका माझ्याकडं पाहत होते. माझ्या काकांच्या तोंडावर मी त्याआधी आणि त्यानंतर कधी भीती पाहिली नाही, त्या दिवशी पाहिली. आई मान खाली घालून चटईची काडी उपटत होती. तिनं वर पाहावं म्हणून मी वाट पाहिली, तिनं पाहिलं नाही. आणि बायांच्या रांगेत काकीनं पदर कमरेला खोचला, एक हात जमिनीला टेकला आणि ती उठायला लागली. मला वाटलं, झालं, ही आता शरमेनं निघून चालली, या दारातून एकदा गेली की उद्या हिला घरात कोण राहू देईल, कुठं जाईल ही बाई, ना माहेर उरलं, ना लेकरू. माझ्यामुळं. तिला वाचवलं पाहिजे. एवढं सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी बोलून गेले.

"मी रचलं, गुरुजी. काकी असं काही म्हणली नाही."

विहारानं श्वास सोडला, तो मला ऐकू आला. कोणी म्हणालं, पोट्टीचं डोकं पाहा. कोणी हसलं. काकांनी डोळ्याला रुमाल लावला आणि मग माझ्याजवळ येऊन डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, लेखिका होते ही, पाहून घ्या. गुरुजींनी, कल्पना आणि अभिप्राय यातला फरक या विषयावर दोन शब्द सांगितले, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्या पानावर पांढरा कागद चिकटवून टाकला. मी काकीकडं पाहिलं तेव्हा ती पुन्हा खाली बसली होती. हात मांडीवर होते. ती माझ्याकडं पाहत नव्हती, मला वाटलं, सुटकेनं तिचं अंग गळालं असेल.

त्या दुपारी घरी मासोळी होती, बाबांनी वैनगंगेच्या घाटावरून आणली होती. आईनं मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. नेहमी तो बाबांना जायचा. मी तिला म्हटलं, आई, काकी खरं बोलली होती ना? आई म्हणाली, जेव गपगुमान. थोड्या वेळानं म्हणाली, बरं केलं तू. मग चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली, आणि ती रडत होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. मला तिचा अजून राग येतो. ती माझ्याआधी बोलू शकली असती, पोर खांद्यावर पालटून घेत ती काकीसोबत पुलापर्यंत चालली होती. पण तिच्यावर रागावून मी माझ्या वाटणीचं कमी करू पाहते, हेही मला कळतं.

घरात काहीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला पुढं कितीदा वाटलं. काका काकीशी आधीपेक्षा गोडीनं बोलायला लागले, बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणल्या. भाषणात ती जागा काही दिवस आली नाही. मग हळूच परत आली, आता ऊन जास्त कडक झालं होतं आणि रस्ता जास्त लांब. मी रडणं सोडून दिलं होतं. काकी चहाचं पाहायलाही उठेना, जागची हलायची नाही, समोर पाहत बसून राहायची. पडवीत ती रोज यायची, हात तसेच जलद. मी वाचायची, बाया बोलायच्या. काकी, तुझं काय? म्हटलं की म्हणायची, मले काय समजते त्यातलं. अक्षर बारीक आहे, एवढंसुद्धा तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही.

मी शिकले, नागपूरला गेले, नोकरी लागली, पुस्तकांवर लिहायला लागले. या सगळ्या वर्षांत त्या रविवारची टोचणी मला होतीच, पण ती अशी, की मी ते लिहायला नको होतं. विश्वासानं बोललेलं पानावर मांडलं, हे माझं पाप, आणि वेळेवर माघार घेऊन काकीला वाचवलं, हे माझं शहाणपण. चारचौघांत मी हे सांगायचीसुद्धा, लिहिणाऱ्यानं जबाबदारी कशी ओळखावी म्हणून. लोक माना हलवायचे. एकदा एका शिबिरात नव्या लेखकांपुढं सांगितलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

काका गेले ते पुनर्वसनात. विहाराच्या कमिटीनं त्यांच्या नावानं स्मरणिका काढायची ठरवली आणि लेख अर्थातच माझ्याकडं आला. दुसरं कोण लिहिणार? मी बसले आणि लिहिलं. त्यांचा आवाज, माझा शब्दकोश, माझी फी, सगळं लिहिलं, आणि खांद्यावर लेक घेऊन उन्हात पळणारा बापही लिहिला. हात जरासा अडखळला होता, नाही म्हणत नाही. पण तोवर ती गोष्ट साऱ्या जिल्ह्याची झाली होती. ती गाळली असती तर लोकांनी विचारलं असतं, का गाळली? मग मी ती घातली, आणि चांगली घातली, त्या प्रकरणातल्या नदी ओलांडणाऱ्या बापापेक्षाही चांगली. मला लिहिता येतं ना.

छापील प्रती आल्यावर पहिली घेऊन मी काकीकडं गेले. ती नव्या घराच्या ओट्यावर बसली होती. बिड्या सुटल्या होत्या, पण तंबाखूनं छातीत कायमचं घर केलं होतं. दोन वाक्यं बोलली की खोकला यायचा आणि बरगड्या धरून बसायची. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, काकी, वाचून दाखवू का? ती म्हणाली, दाखव. मी सगळं वाचलं, मोठ्यानं, जुन्या पडवीत वाचायची तसं, पुलाअलीकडं हात सुटतो तेही वाचलं. ते गाळून पुढं जायची हिंमत मला झाली नाही. काकीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग बराच वेळ खोकत राहिली. मी पाणी दिलं, तिनं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "तुले जमते." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्या दिवशी विहारात मी उठून रायली होती. हो म्हणायले. सही करताच ठरवलं होतं, विचारलं तं हो म्हणीन. तू आंधी बोलली."

माझ्या हातात ती स्मरणिका होती, मुखपृष्ठावर काकांचा हसरा फोटो. मी खरंच जे होतं तेच म्हटलं. म्हटलं, काकी, मला वाटलं तू उठून निघून चालली.

"मले कुठं जायचं होतं?" काकी म्हणाली.